बँडवाल्या हवालदार काकांची आठवण : पुस्तिका, कॅसेटी, क्लॅरिनेट आणि पेटी

गल्ली_नंबर_तीन

नमस्कार मंडळी. महालातल्या आमच्या वस्तीतले बँडवाले हवालदार काका मागच्या डिसेंबरात गेले. पायदळाच्या पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, १९७१ च्या लढाईत सहभाग, निवृत्तीनंतर नागपुरात लग्नाच्या बँडला आणि भजनी मंडळाला साथ, पोरांना फुकट शिकवणी. १६ डिसेंबरला विजय दिवस आणि पुण्यतिथी मिळून एक संध्याकाळ करायचं ठरून राहिलं आहे. घरच्यांनी पेटारा उघडून दिला आहे. त्यात निघालेलं सामान:

एक लाकडी क्लॅरिनेट (डब्यात, बरीच वर्षं बंद), एक हार्मोनियम, ३१ कॅसेटी, कोटाला लावायची पदकांची पट्टी, लॅमिनेट केलेलं डिस्चार्ज बुक, पचमढीचं एक प्रमाणपत्र, हाताने लिहिलेली नोटेशनची कार्डं आणि चिकट पानांचा एक अल्बम.

१६ पानी पुस्तिका आणि कॅसेटींचा आवाज पेन ड्राइव्हवर, एवढं करायचं आहे. पेटी ट्यून करायला कारागीर रविवारी येणार आहेत. पुस्तिकेचा मसुदा असा: «काकांनी १९७१ च्या युद्धात रणभूमीवर हेच क्लॅरिनेट वाजवून जवानांना स्फुरण दिले. ढाक्याच्या ऐतिहासिक शरणागतीच्या वेळी ते उपस्थित होते. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये २६ जानेवारीला त्यांनी वादन केले.»

आधी काय करावं, काय सुधारावं?

खाकी_कागद

आधी मसुदा बाजूला ठेवा भाऊ. तीन वाक्यांत चार गडबडी आहेत.

एक. लढाईत बँड वाजत नसतो. पलटण आघाडीवर निघाली की वाद्यं मागच्या स्टोअरमध्ये जमा होतात आणि बँडच्या जवानांकडे स्ट्रेचर वाहायचं काम येतं. जखमीला गोळीबारातून उचलायचं, पट्टी बांधायची, रेजिमेंटल एड पोस्टपर्यंत पोचवायचं. डॉक्टर तिथे असतो, त्याच्या पुढचा सगळा रस्ता या लोकांचा. ‘स्फुरण दिले’ लिहून तुम्ही काकांनी खरोखर केलेलं काम पुसून राहिले.

दोन. ‘हेच क्लॅरिनेट’ नसणार. पलटणीची वाद्यं सरकारी मालमत्ता, निवृत्तीच्या वेळी जमा करावी लागतात. पेटाऱ्यातलं त्यांनी नंतर विकत घेतलेलं असावं.

तीन. ढाका. पदकांच्या पट्टीत तारा आहे का? १९७१ च्या पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार. राजमुद्रेभोवती नाव कोरलेलं असतं. भिंगातून वाचून सांगा. संग्राम मेडलवरून आघाडी ठरवू नका, ते फार व्यापक प्रमाणात दिलं गेलं.

चार. बीटिंग रिट्रीट २९ जानेवारीला संध्याकाळी विजय चौकात होतं. २६ ची ती परेड. दोन्हीकडे बँड असतात म्हणून गल्लत होते. काका नेमके कशात होते ते फोटोवरून किंवा कागदावरून ठरवा, नाही तर वाक्य काढा.

गल्ली_नंबर_तीन

वाचलं. पश्चिमी स्टार आहे. म्हणजे ढाका नाही?

खाकी_कागद

नाही. १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली तेव्हा पश्चिमेला लढाई चालूच होती, तिकडे युद्धविराम १७ तारखेच्या रात्री आला. ‘पश्चिम आघाडीवर’ एवढंच लिहा. जागेचं नाव डिस्चार्ज बुकात किंवा पलटणीच्या इतिहासात सापडलं तरच द्या.

पदकाच्या कडेवर किंवा पाठीवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. प्रत्येक पदकाचं नाव काकांच्या नंबराशी जुळवा. पट्टी पुन्हा बांधताना बाजारातली नक्कल मिसळते, तिच्या कडेवर काही नसतं. पट्टी सोडण्याआधी समोरून, मागून आणि कडेने फोटो काढा. पदकांचा क्रम ठरलेला असतो, तोच फोटो पुढे कामी येतो. आणि कोणीही ब्रासो घेऊन बसू नका. चकाकी येते, पण दर घासणीला अक्षरांच्या कडा झिजतात. मऊ सुती कापडाने धूळ पुसली की पुरे.

तर्री_पोहे

फ्लेक्सवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, ‘शहीद’ छापू नको म्हणून. सैनिक म्हटलं की त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तोच साचा उघडते. वयोमानाने घरी गेलेल्या माणसाला शहीद म्हणत नाहीत. ‘हवालदार (निवृत्त)’ आणि पुढे नाव, बस.

फीत_आणि_रीळ

कॅसेटींबद्दल लिहितो. पेटाऱ्यातली सगळ्यात आधी मरणारी वस्तू तीच. पदकं अजून शंभर वर्षं टिकतील, फीत नाही.

एकही कॅसेट ‘ऐकून बघू’ म्हणून वाजवू नका. आधी ३१ च्या ३१ ला पेन्सिलने नंबर द्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लेबलवरचं आणि डबीतल्या चिठ्ठीवरचं अक्षर जसंच्या तसं वहीत उतरवा. डब्या बदलल्या गेल्या असतील, तरी तशाच राहू द्या. मग वरच्या दोन प्लास्टिकच्या चिमट्या तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसली जाणार नाही.

उजेडात खिडकीतून फितीची गुंडाळी बघा. कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर बुरशी आहे. ती कॅसेट वेगळ्या झिपच्या पिशवीत. डेकमध्ये घातली तर डेकला लागते आणि डेक पुढच्या सगळ्या कॅसेटींना वाटते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात पत्र्याच्या पेटाऱ्यात हे हमखास होतं.

मग खालच्या तोंडाशी तांब्याच्या पातळ पट्टीवरचा नमद्याचा छोटा तुकडा बघा. तो फितीला हेडवर, म्हणजे आवाज उचलणाऱ्या भागावर, दाबून धरतो. मे महिन्याच्या गरमीत त्याचा गोंद सुटतो आणि आवाज घोगरा, येतो-जातो असा होतो. लोक समजतात रेकॉर्डिंगच खराब. उपाय सोपा: स्क्रूची रद्दी कॅसेट घ्या, फीत तिच्या खोक्यात बसवा. मूळ खोका स्क्रूचा नसून चिकटवलेला असेल तर जोडावर पातळ पातं हळू फिरवून उघडायचा. फितीची वळणं रोलरवरून कशी गेली आहेत त्याचा फोटो आधी घ्या.

डेक चांगला हवा, वॉकमन नको. हेड आणि फीत ओढणारा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर तीन-चार कॅसेटींनी पुन्हा. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, पण नव्वद मिनिटांच्या फितीला वेगाने फिरवताना जपा, ती साठच्या फितीपेक्षा पातळ असते आणि ताणते.

हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. दर कॅसेटला तो किंचित फिरवून सगळ्यात तीक्ष्ण आवाज जिथे येईल तिथे ठेवा. दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकलं की फरक लगेच कळतो. नव्वद टक्के लोक ही पायरी गाळतात आणि मग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवत बसतात. जे उचललंच गेलं नाही ते वाढणार कुठून?

लाइन-आउटमधून लाइन-इनमध्ये घ्या, माइकच्या भोकात नको. ऑडॅसिटी फुकट आहे, चालते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साठ मिनिटांची कॅसेट साधारण १ जीबी होते, तेव्हा ३१ साठी ६४ जीबीची पेन ड्राइव्ह पुरेल, पण प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ फाइलवर काहीही करायचं नाही. खरखर काढणं वगैरे जे काय असेल ते प्रतीवर.

गल्ली_नंबर_तीन

भाऊ, नंबर दिले, फोटो झाले. ३१ पैकी ४ बुरशीच्या. १७ नंबरची फीत मधेच तुटलेली. एक शंका: काही कॅसेटी लावल्याशिवाय कळणार नाहीत, पण घरचे म्हणतात की काकांचा आवाज काहींमध्ये ‘बायकी’ येतो. वेग चुकला आहे का?

फीत_आणि_रीळ

बहुतेक. छोट्या टेपरेकॉर्डरवर सेल उतरलेले असताना रेकॉर्ड केलं की मोटर हळू फिरते, मग बरोबर वेगाच्या डेकवर वाजवताना स्वर चढतो. बाजूच्या शेवटाकडे जाता जाता स्वर आणखी चढत गेला तर कारण सेलच.

सुधारायला खात्रीचा एक स्वर हवा. काही जण रेकॉर्डिंगमधली विजेची ५० हर्ट्झची गुणगुण धरतात. आपल्याकडे त्यावर विसंबू नका, त्या काळात ग्रिडची फ्रीक्वेन्सीच ४८-५१ मध्ये हेलकावे खायची. त्यापेक्षा कॅसेटीत ती पेटी वाजत असेल आणि पेटी घरात असेल तर त्यासारखा पुरावा नाही. पेटीची एक पट्टी मोजा, कॅसेटीत तीच पट्टी मोजा, भागाकार करा.

उदाहरण: घरात पांढरी सहा (सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, इंग्रजी ए) ४३८ हर्ट्झ आली आणि कॅसेटीत तीच ४५१ आली, तर ४३८ भागिले ४५१ म्हणजे ०.९७१, म्हणजे वेग २.९ टक्के कमी करायचा. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड’ वापरा, ‘चेंज पिच’ नाही. पिच बदलला तर लय तशीच चुकीची राहते.

सुरपेटी

थांबा, थांबा. रविवारचा कारागीर रद्द करा! आजच फोन करा.

वरचं वाचलं ना? पेटीचा आत्ताचा सूर हाच कॅसेटींचा पुरावा. एकदा कानस लागली की तो गेला. रीडचं, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभेचं, टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि पितळ परत येत नाही.

आधी मोजा. पेटी दिवसभर बैठकीच्या खोलीत ठेवा. भाता हलका चालवा, जोरात हवा दिली की सूर किंचित उतरतो. दोन रीडची पेटी असेल तर स्टॉपर लावून एकच ओळ उघडी ठेवा. खर्ज आणि नर दोन्ही वाजले तर फोनचा ट्यूनर गोंधळतो. खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी पाच सेकंद दाबून ट्यूनर ॲपचा आकडा वहीत लिहा. एकाच पट्टीचा आकडा नको, ३७ किंवा ४२ असतील तेवढ्या सगळ्यांचा. शिवाय सगळं वेव्हमध्ये रेकॉर्ड करा.

एखादी पट्टी मुकी असेल तर बहुतेक रीडखाली धूळ किंवा झुरळाचा पाय अडकलेला असतो. कोऱ्या कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच सरकवा. ब्लेड घालू नका.

भाता न दाबता झपाट्याने बसत असेल तर गळती. पट्ट्यांच्या वरून, घड्यांच्या कोपऱ्यांवरून आणि झाकणाच्या कडेने अगरबत्ती हळूहळू फिरवा, जिथे धूर फुटतो तिथे भोक. उंदराने कातडं खाल्लं असेल तर तो कोपरा बदलता येतो, सुरांना हात लावावा लागत नाही. कारागिराला बोलवाल तेव्हा स्पष्ट सांगा: भाता आणि कातडं करा, सूर नाही.

गल्ली_नंबर_तीन

कारागिराला थांबवलं, नाराज झाले थोडे. मोजणी झाली. पण पेटी पार बेसूर निघाली हो. पांढरी सहा ४५२ दाखवते. ४४० हवी ना? सगळ्याच पट्ट्या वर आहेत. मग हा पुरावा काय कामाचा?

सुरपेटी

सगळ्या सारख्याच वर की कमी-जास्त?

गल्ली_नंबर_तीन

जवळपास सारख्या. ४६ ते ५० सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). दोन पट्ट्या सोडल्या तर.

सुरपेटी

मग ती बेसूर नाही. बिघडलेली पेटी एकेका पट्टीने बिघडते, गंज आणि धूळ असल्यावर बहुतेक खाली जाते. सगळ्या पट्ट्या अर्ध्या सुराच्या निम्म्याने, एकसारख्या वर? हे कोणीतरी मुद्दाम बसून केलेलं आहे. पाऊण दिवसाचं काम. रीडच्या टोकांवर कानशीच्या बारीक रेघा दिसतील, झाकण उघडून तिरप्या उजेडात बघा. पण का केलं असावं?

काळी_पाच

क्लॅरिनेट काढा डब्यातून. वरच्या आणि खालच्या सांध्यावर बनवणाऱ्याचा शिक्का असतो, त्याच्या खाली बघा. बारीक दोन इंग्रजी अक्षरं आहेत का? एच आणि पी?

गल्ली_नंबर_तीन

आहेत!! अर्धी झिजलेली, पण ‘एच.पी.’ वाचता येतं. तुम्हाला कसं कळलं?

काळी_पाच

एच.पी. म्हणजे हाय पिच. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत ४५२ च्या आसपासच्या सुरात वाजायचे. नंतर ते खाली आले आणि जुनी वाद्यं दुसऱ्या हातांनी विकली गेली. स्वस्तात मिळायची, लाकूड चांगलं असायचं, म्हणून हिंदुस्थानभर लग्नाच्या बँडवाल्यांनी घेतली. म्हणजे खाकी_कागद बरोबर आहेत, हे युद्धातलं वाद्य नाही, निवृत्तीनंतर घेतलेलं आहे.

४४० आणि ४५२ मध्ये ४७ सेंटचा फरक, जवळपास पाव सूर. लोक म्हणतात वरचा जोड, म्हणजे बॅरल, बाहेर ओढला की उतरतो. एक-दोन मिलिमीटर ओढून थोडंफार जुळतं. पाव सूर उतरवायला एवढा ओढावा लागतो की वरच्या बोटांचे स्वर जास्त उतरतात, खालचे कमी, आणि वाद्य आतूनच बेसूर होतं. भोकं नळीवर ठरलेल्या जागी पाडलेली असतात, ती हलत नाहीत.

तेव्हा काकांनी उलटं केलं. क्लॅरिनेट उतरत नाही तर पेटी चढवून घेतली. आकडे तरी तेच सांगतात.

फीत_आणि_रीळ

बाप्पा. आणि आपण ४४० धरून सगळ्या कॅसेटी २.६५ टक्के हळू केल्या असत्या, बरोबर असलेल्यासुद्धा.

पेटीची पांढरी सहा ४५२ धरा. ज्या कॅसेटीत ती ४५२ ला येते तिला हात लावू नका. ज्यात वर येते त्या सेल उतरलेल्या. पेटी चढवण्याआधीच्या कॅसेटी असतील तर त्यात ती ४४० च्या आसपास येईल, आणि त्यात क्लॅरिनेट नसेल किंवा वेगळं असेल. त्यांना वेगळ्या गटात ठेवा. लेबलवर तारीख नसली तरी कुठली आधीची, कुठली नंतरची ते यावरून लागेल.

सुरपेटी

ज्या दोन पट्ट्या सुटल्या होत्या त्यांचे आकडे?

गल्ली_नंबर_तीन

वरच्या सप्तकातली काळी चार आणि पांढरी सात. १५ आणि २० सेंट खाली.

सुरपेटी

त्या खरोखर बिघडल्या आहेत किंवा रीड बदलल्या आहेत. आकडे लिहून ठेवा, तशाच राहू द्या.

काळी_पाच

आता क्लॅरिनेटबद्दल, कारण कोणीतरी उत्साहाने फुंकणार हे दिसून राहिलं.

फुंकू नका अजून. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं लाकूड आतून ओल्या श्वासाने एकदम फुगतं, बाहेरून कोरडंच राहतं, आणि तडकतं. तडा बहुतेक वरच्या सांध्यावर जातो, वरच्या भोकांजवळ. नागपूरची हवा यासाठी वाईटच: एप्रिल-मेच्या दुपारी ओठ फुटतील एवढी कोरडी, आणि दोन महिन्यांत भिंतीला ओल.

आधी सांधे सुटतात का बघा. अडकले तर पिळू नका, चाव्या वाकतात. चाव्या नसलेल्या जागी धरून हलकं डोलवत काढा. जोडावरची बुचाची पट्टी सुकून चुरा झाली असेल तर बदलावी लागेल. तिला बुचाचं ग्रीस लावतात. खोबरेल तेल लावायची सवय घरोघरी आहे, ती नको. थंडीत थिजतं आणि बुचाखालचा गोंद सोडवतं.

नळीच्या आतून: गोड्या बदामाच्या तेलाचे चार-पाच थेंब कापडावर, एकदा आरपार ओढायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी कोरड्या कापडाने पुसायचं. तेल गाद्यांना (चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या) लागू नये म्हणून प्रत्येक गादीखाली बटर पेपरचा तुकडा. गादीला तेल लागलं की ती फुगते आणि झाकत नाही.

गळती बघायला: वरचा सांधा घ्या, बोटांनी भोकं झाका, खालचं तोंड तळव्याने बंद करा, वरून हवा ओढा. ओढलेली हवा दोन-तीन सेकंद धरून राहिली तर ठीक. लगेच सुटली तर कुठली गादी ते शोधायला सिगारेटच्या कागदाची पट्टी गादीखाली ठेवून ओढा, जिथे सहज सरकते ती दोषी. जुन्या निळ्या पोलादी सुई-स्प्रिंगा गंजलेल्या असतात, चिमट्याने दाबल्या की तुटतात. ते काम बँड वाद्यांच्या कारागिराकडेच द्या.

मग पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं, मधल्या सप्तकात, वाजवून लगेच पुसायचं. आज सुरू केलं तर १६ तारखेला वाजेल.

जुनं_ते_जपा

वाजवायचंच कशाला? एवढं जुनं वाद्य आहे, काचेच्या पेटीत ठेवा.

काळी_पाच

हा प्रश्न रास्त आहे. तडा आधीच असेल तर वाजवू नका, माझंही तेच मत. तडा नसेल तर मला वाटतं ही जोडी एकदा तरी एकत्र वाजलेली नीट माइकने रेकॉर्ड व्हावी. कॅसेटीत ती आहे, पण चेपलेली. नंतर ठेवा काचेत. फक्त त्या काचेत सिलिका जेल टाकू नका. पदकं आणि कॅसेटींच्या डब्यात सिलिका चांगलं, क्लॅरिनेटच्या डब्यात ते लाकूड वाळवून तडा देतं.

खाकी_कागद

कागदांकडे वळतो. डिस्चार्ज बुक लॅमिनेट केलं आहे ते आता उकलायच्या फंदात पडू नका, शाई प्लास्टिकबरोबर निघते. चमक येणार नाही अशा तिरप्या उजेडात फोटो घ्या, किंवा ६०० डीपीआयवर स्कॅन करा. बाकी कशालाही लॅमिनेशन आणि सेलोटेप नको. चिकट अल्बममधले फोटो ओढले तर मागचा थर फाटतो. दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा सरकवा, नाहीच निघाले तर पानासकट स्कॅन करा.

डिस्चार्ज बुकात भरतीची आणि निवृत्तीची तारीख, कोर्सेस, पदकं, ट्रेड असतं. तिथे ‘बँड्समन’ दिसेल. पचमढीचं प्रमाणपत्र मिलिटरी म्युझिक विंगचं असेल. ती संस्था १९५० पासून तिथे आहे. त्यावर वाद्याचं नाव असेल तर पुस्तिकेत तेच छापा.

आणखी माहिती हवी तर घरच्यांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. इथे लोक हमखास चुकतात. नागपूरचा माणूस म्हणून कामठीला चकरा मारतात. कामठीला गार्ड्सचं केंद्र आहे. टोपीवरचा बिल्ला बघा: गरुड असेल तर गार्ड्स, कामठी. एकमेकांवर फुली मारलेल्या दोन मशीनगन असतील तर महार रेजिमेंट, म्हणजे मध्य प्रदेशातलं सागर. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव. अर्जात नंबर पूर्ण लिहा, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. ते अक्षर गाळलं की फाइल सापडत नाही. कुठे अर्ज करायचा ते कळेना तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

गल्ली_नंबर_तीन

फुलीच्या मशीनगन आहेत. म्हणजे सागर. आम्ही कामठीलाच जाणार होतो!

नोटेशनच्या कार्डांवर पाच रेघांच्या खाली सारेगमही लिहिलं आहे, पण ‘सा’ कधी एका जागी, कधी दुसऱ्या. वरती ‘पां. ४’, ‘का. १’ असं.

काळी_पाच

तो भजनाचा गुटका आहे. क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं, म्हणजे कागदावर सी वाजवलं की पेटीवर काळी पाच निघते. पेटीवाल्याने पांढरी चार सांगितली तर क्लॅरिनेटवाल्याचा सा जी वर. पांढरी एक म्हटली तर डी वर. काळी एक म्हटली तर डी-शार्पवर, बोटांना सगळ्यात तापदायक, म्हणून ती कार्डं जास्त खोडलेली असतील. पाच रेघांतला बँडवाला भजनात बसला की हा हिशेब डोक्यात करावा लागतो. काकांनी तो लिहून ठेवला. पुस्तिकेत एक कार्ड पूर्ण पानभर छापा, बाकी मजकूर कमी केला तरी चालेल.

तर्री_पोहे

१६ डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशनाचे दिवस असू शकतात बरं. सीताबर्डीकडचे रस्ते मोर्च्यांनी बंद, पोलिस बंदोबस्तात. लाउडस्पीकरची परवानगी पंधरा दिवस आधी टाका. रात्री १० नंतर तर वाजवताच येत नाही. आणि पुस्तिका ४ च्या पटीत पानं म्हणून १६ ठीक, पण मशीनवाल्याला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मूळ फाइल द्या.

खाकी_कागद

लास्ट पोस्ट, म्हणजे सैनिकाला निरोपाची धून, वाजवणार असाल तर बिगुलवर, स्पीकरवर नाही. ब्लूटूथ मधेच तुटलं की शांतता फुटते. क्रम: लास्ट पोस्ट, दोन मिनिटं स्तब्धता, मग राउज (जाग आणणारी धून). लास्ट पोस्ट साधारण सव्वा मिनिटाची असते. बिगुलला चाव्या नसतात, पाचच स्वर, सगळं ओठांवर. डिसेंबरच्या गारव्यात पितळ थंड असलं की पहिला स्वर उतरतो किंवा फुटतो, म्हणून वाजवणाऱ्याने पाच मिनिटं आधी आडोशाला तोंडाची वाफ देऊन ते गरम करावं. माइक समोर ठेवू नका, लोकांपासून दहा-बारा पावलांवर उभं केलं तर समाजमंदिरात पुरेसं ऐकू येतं.

फीत_आणि_रीळ

१७ नंबरची तुटलेली फीत: सेलोटेप अजिबात नको, तिचा गोंद हेडवर जातो. फितीची टोकं ४५ अंशांत कापून सरळ टेकवा, एकमेकांवर चढवू नका, आणि हेडला न लागणाऱ्या बाजूला स्प्लाइसिंग टेप (फीत जोडायची खास चिकटपट्टी). रुंदी फितीपेक्षा जरा कमी. बुरशीच्या चार शेवटी, वेगळ्या जुन्या डेकवर.

गल्ली_नंबर_तीन

१७ जोडली, वाजली. ४७ मिनिटं. पेटी ४५२, क्लॅरिनेट सोबत, सुरात.

क्लॅरिनेटला तडा नाही. आतून तेल झालं, दोन स्प्रिंगा आणि पाच गाद्या बदलायला दिल्या आहेत. काकांचा एक विद्यार्थी रोज दहा मिनिटं वाजवणार. अडचण एकच: त्याचं स्वतःचं क्लॅरिनेट ४४० चं, ते या पेटीबरोबर जुळत नाही. आणि तानपुरा फोनवरचा.

काळी_पाच

त्याचं क्लॅरिनेट घरीच ठेवा. तानपुऱ्याच्या ॲपमध्ये फाइन ट्यूनिंग असतं, ४७ सेंट वर घ्या. तबला पेटीला लावायचा, फोनला नाही. पाहुण्या बासरीवाल्याला बोलावणार असाल तर त्याला आधीच सांगा, नाही तर ऐन वेळी सगळे पेटीकडे बोट दाखवतील.

गल्ली_नंबर_तीन

मसुदा बदलला: «१९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर. पायदळ पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवादक. युद्धकाळात बँडच्या जवानांकडे जखमींना वाहून नेण्याचे काम असे.» बीटिंग रिट्रीटचं वाक्य काढलं, फोटो सापडला नाही.

खाकी_कागद

चालेल. ‘असे’ ठेवलंत ते बरं केलंत. सागरहून उत्तर आलं तर त्यात काकांचं काम काय होतं तेवढं भरा.

सुरपेटी

आणि पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी लावा. पुढच्या पिढीत कोणीतरी कारागीर बोलावणारच.

गल्ली_नंबर_तीन

लावली. साध्या कागदावर पेन्सिलने लिहून, खळीने चिकटवून: «पांढरी सहा = ४५२. एच.पी. क्लॅरिनेटसाठी मुद्दाम चढवलेली आहे. भाता दुरुस्त करावा. सूर लावू नये.»